उठायला लागलेला वेळ

"नाना, कॅन सोडा की आता. किती दिवस गाढवासारखं ओझं वाहायचं?"

मुक्ता थोरल्या विहिरीच्या शेवटच्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. वय वर्षं आठ. पाठीला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधलेला, कमरेला दोरी, आणि दोरीचं टोक दोन पायऱ्या वर बसलेल्या माझ्या हातात. आमच्याकडे पोहायला असंच शिकवतात. आधी कॅन आणि दोरी, मग नुसती दोरी, मग काहीच नाही. माझ्या लहानपणी कॅनच्या जागी सुकवलेला भोपळा असे, एवढाच फरक.

"येतंय का पण?" मी विचारलं.

"समोरच्या भिंतीला हात लावून येते. लावता पैज?"

"पैज नको. नुसता हात लावून ये."

मी कॅन सोडला. कठड्यावर बसलेल्या पोरांनी गलका केला. ती पाण्यात शिरली. अर्ध्यापर्यंत झकास गेली. पाय थोडे वेडेवाकडे, पण मान वर. मध्यावर विहिरीचं पाणी एकदम गार लागतं. तिथं तिनं खाली पाहिलं. खाली बघू नका म्हणून मी पोरांना शंभरदा सांगतो, कारण भर मे महिन्यातसुद्धा तिथं तीन पुरुष पाणी असतं आणि ते काळं दिसतं. तिचे हात थांबले. डोकं खाली गेलं.

आवाज झाला नाही. बुडणारं मूल ओरडत नाही. त्याला ओरडायला सवडच नसते.

असं प्रत्येक उन्हाळ्यात पाचपंचवीसदा होतं. डोकं गेलं की मी मनात 'एक' म्हणत उठायचो आणि 'दोन' म्हणेपर्यंत पोर वर आलेलं असायचं. बसल्या जागेवरून दोरीला जोर लावता येत नाही, आधी उभं राहावं लागतं. त्या दिवशी मी 'एक' म्हणालो तेव्हा पायरीवरच होतो. 'दोन'ला हात गुडघ्यांवर होते. 'तीन'ला कंबर उचलली होती, आणि दोरी पाण्यात ढिली पडलेली मला दिसत होती. मी घाई करत होतो. मन तर केव्हाच उभं राहिलं होतं. दोरी ताणली तोपर्यंत 'चार' होऊन गेलं होतं.

मुक्ता वर आली ती ठसकतच. नाकातून, तोंडातून पाणी गेलं. डोळे लाल. मी तिला पायरीवर पालथी धरून पाठ चोळली. तिनं पाणी ओकलं, श्वास घेतला, आणि वरच्या पोरांकडं बघून म्हणाली, "काय बघताय? तळाला जाऊन आले मी!"

सगळे हसले. मीही हसलो.

"आजचं बास," मी म्हणालो. "घरी जा सगळे."

पोरं गेल्यावर मी पुन्हा त्याच पायरीवर बसलो आणि उठून पाहिलं. मग परत बसलो, परत उठलो. कुठं दुखत नव्हतं. पाय येत होते, पण बोलावलेल्या पाहुण्यासारखे, आपल्या सवडीनं. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांचा होतो. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, आणि धान्याचं पोतं अजून एकट्यानं पाठीवर घेत होतो. म्हातारपण आलं तर ते आजार घेऊन येईल, असं मी धरून चाललो होतो. ते असं गुपचूप येऊन दोन पायऱ्या वर, माझ्या शेजारीच बसलेलं असेल, असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गावात सांगितलं, विहिरीचं पाणी खराब झालंय, पोरांच्या अंगाला खाज सुटेल, यंदा पोहणं बंद.

खोटं बोललो. चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं होतं.

भीती घालवायला बंद केलं, तर भीती दुप्पट झाली. आमचं घर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो आणि 'धप्प' असा आवाज ऐकला. पाण्यात काहीतरी जड पडल्याचा. मी घास टाकून उठलो. बायको इंदू म्हणाली, "अहो, सावकाश! पडाल!" नेहमीचंच होतं तिचं. मी धावलो म्हणायचं. खरं तर भराभर चाललो. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता एवढ्यात बुडबुडे यायचे थांबले असतील.

कठड्यावर दोन मोठी पोरं ओल्या चड्डीवर उभी होती. मला बघून पळाली. म्हणजे पोहणं बंद झालंच नव्हतं. दोरी तेवढी बंद झाली होती.

मी कठडा धरून उभा राहिलो. पोरांना बंदी करून मी त्यांना वाचवत नव्हतो, स्वतःला वाचवत होतो, हे मला तिथं कळलं. मी शिकवत राहिलो तर माझ्या हातून एखादं जाईल. न शिकवलं तर माझ्यामागं जाईल. आणि दोरी धरायला गावात दुसरं होतं कोण? तरणे सगळे पुण्याला नाहीतर कोल्हापूरला.

त्याच आठवड्यात मुक्ताची आई वैजयंता दारात आली. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. बाई एकटी दोन म्हशी सांभाळायची आणि बोलायची फटकळ.

"नाना, पाणी कवा चांगलं व्हायचं?"

"बघू."

"बघू न्हाई. माजं घर कालव्याला लागून हाय. पोरगी त्याच्याच कडंनं शाळंला जाती. कालव्याला पाणी सुटलं की मला घास जात न्हाई. हिला पोहाय यायलाच पायजे. मला येत न्हाई, तिचा बाप इथं नसतो. तुमीच हाय."

"पुढच्या उन्हाळ्यात नक्की," मी म्हणालो. तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो नाही.

नीलोफर मुजावर तालुक्याच्या गावी व्यायामोपचार करायची. गुडघे, कंबर, लकव्याची माणसं तिच्याकडं जात. आमच्याच गावची. सहा वर्षांची असताना तिला मी त्याच विहिरीत शिकवलं होतं. तिच्या खोलीत मी दार लावून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. कुणाला सांगितलेलं ते पहिलंच.

तिनं आधी रक्तदाब घेतला, छातीचा कागद काढून आणायला लावला, तो मोठ्या डॉक्टरांना दाखवला. मग मला एका वजनाला पाय लावून ढकलायला सांगितलं. मी ढकललं. तिनं आणखी घातलं. तेही ढकललं.

"बापरे, नाना. तिशीतल्या माणसाला लाजवाल."

"मग काय झालंय मला?"

"आता खुर्चीवर बसा. हात छातीवर. मी 'हां' म्हटलं की उठायचं."

तिनं फोनमधलं घड्याळ लावलं. "हां." मी उठलो. असं पाच वेळा केलं. ती घड्याळाकडं बघत राहिली. लहानपणी गणित चुकलं की ती अशीच पाटीकडं बघत बसायची.

"सांग की गं."

"बळ बैलाचं आहे, नाना. उठणं बैलगाडीचं आहे."

मला हसू आलं नाही.

"बळ वेगळं आणि ते झटक्यात लावता येणं वेगळं," ती म्हणाली. "वय झालं की आधी जातो तो झटका. बळ बरंच मागून जातं, म्हणून माणसाला कळतच नाही. पोतं उचलता येतं, पण पाय घसरला तर सावरायला पाऊल वेळेवर पुढं पडत नाही. तुमची दोरी तशीच."

"मी तर रोज व्यायाम करतो. चालतो, नमस्कार घालतो."

"कसे घालता?"

"सावकाश. नीट."

"दहा वर्षं?"

"दहा वर्षं."

"मग तुमच्या पायांनी दहा वर्षं सावकाशच घोकलंय. तुम्हीच म्हणायचा ना आम्हाला, जे घोकाल तेच परीक्षेत आठवेल?"

निवृत्तीच्या दिवसापासून जो भेटे तो सावकाश म्हणे. इंदू, पोरगा, दूधवाला, देवळातला गुरव. आमच्या शेजारचे भाऊसाहेब अंगणात पडले, खुबा मोडला, आणि वर्षभरात गेले. त्यानंतर तर उंबरा ओलांडतानाही मी मनात 'सावकाश' म्हणायचो. पडू नये म्हणून मी जे शिकत होतो, त्यानंच पाय मंद झाले होते.

"परत येतं का ते?" मी विचारलं.

"येतं. सगळं नाही, पण बरंच. पण घाबरून चालणार नाही. झटक्यात उठायचं, सावकाश बसायचं. उठताना मांजर, बसताना मुंगी."

"आणि पडलो तर?"

"मागं भिंत, पुढं टेबल. आणि पहिले पंधरा दिवस मी समोर. दम लागला, छातीत काही वाटलं, चक्कर आली, की थांबायचं. माझ्यापुढं मर्दपणा चालणार नाही."

पहिल्या दिवशी मी झटक्यात उठायला गेलो आणि उठलोच नाही. पाय नव्हे, मन आडवं आलं. डोळ्यांपुढं भाऊसाहेब अंगणात पडलेले. नीलोफर शेजारी येऊन उभी राहिली आणि हळू म्हणाली, "नाना, मी पहिल्यांदा कॅन सोडला तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता?"

"आठवत नाही."

"काहीच म्हणाला नव्हता. नुसते थांबला होता. मीपण थांबते."

ती थांबली. मी उठलो.

वर्षभर केलं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. खुर्चीवरून उठणं, चवड्यांवर झपकन उंच होणं, एका पायरीवर झपाट्यानं चढून हळू उतरणं. आडाच्या रहाटावर बादली ओढायची, तीही अर्धीच. मी हट्टानं भरून घेतली तर नीलोफर ओतून द्यायची. "जड नको. जड ओढताना माणूस रेटतो. हलकं घ्या आणि उडवा." इंदू सुरुवातीला घाबरून स्वयंपाकघरात जाऊन बसे, "मला बघवत नाही" म्हणे. पुढं पुढं तीही माझ्याबरोबर पाचदहा वेळा उठूबसू लागली.

नीलोफरच्या घड्याळात आकडे उतरत गेले. भीती उतरली नाही. खोलीत भिंत होती, टेबल होतं, 'हां' म्हणणारी पोरगी होती. विहिरीत 'हां' कोण म्हणणार?

पुढच्या उन्हाळ्यात अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मी विहीर उघडली. सकाळी सातला फक्त मुक्ताला बोलावलं होतं, आणि तिच्या आईला. मुक्ता सणाची उरलेली पोळी घेऊन वर कठड्यावर बसली; विहिरीत बोललेलं तिथं घुमून ऐकू येतं. मी वैजयंताला पायऱ्यांवर घेऊन आलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं. गेल्या साली काय झालं, किती वेळ लागला, पाण्याचं खोटं का सांगितलं, आणि वर्षभर मी कुठं जात होतो.

वैजयंतानं वर मुक्ताकडं पाहिलं. मग म्हणाली, "मजी माजी पोरगी मरत हुती."

"होय."

"आन मी तुमच्या दारात आले तवा सांगितलं न्हाईसा. 'पुढच्या उन्हाळ्यात' म्हनला."

"होय."

"थू तुमच्या मास्तरकीवर."

मी मान खाली घातली. विहिरीत कबुतरं घुमत होती. ती पोरीला घेऊन निघून जाईल, असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. मग तिनं पदर कमरेला खोचला.

"बांदा."

"काय?"

"दोरी. मला बांदा."

"वैजयंता, खुळी झालीस काय? तुला पोहता येत नाही."

"म्हनूनच. लेकरू कुनाच्या हातात देतीया ते मला कळाय पायजे. त्या डाक्तरनीच्या घड्याळावर माजा इस्वास न्हाई."

"मी उभा राहून धरतो. उभा राहिलो की—"

"बसा. त्या वक्ताला बसलेलं हुता न्हवं? तसंच बसा."

मी खूप सांगितलं. तिनं ऐकलं नाही. शेवटी दोरीचं मागचं टोक भिंतीतल्या लोखंडी कडीला पक्कं बांधलं, पुढचं तिच्या कमरेला, साडीवरून, दोनदा गाठ मारून. गाठ तीनदा तपासली. मग दोन पायऱ्या वर जाऊन बसलो. वरून मुक्ता ओरडली, "आई, काय करतीस?"

"गप बस. पोळी खा." तिनं वर न बघताच सांगितलं आणि शेवटच्या पायरीवर, पाण्याकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून उभी राहिली.

"कवा जानार ते सांगनार न्हाई," ती म्हणाली.

"बरं."

"आमच्या थोरल्या म्हशीनं काल दूध चोरलं बगा."

दोरी दोन्ही हातांत होती. छातीतले ठोके दोरीतून तिच्यापर्यंत जात असतील असं वाटत होतं.

"रेडकू जवळ आनलं तरी पान्हा सोडंना," ती पुढं म्हणाली. "सासूबाई म्हनत्यात दिष्ट लागली. मी म्हनलं, दिष्ट कसली, सरकी बदलली म्हनून आसंल. तर त्या म्हनत्यात की तुला काय—"

ती मागं गेली. वाक्य अर्धं राहिलं आणि पाणी तिच्यावर मिटलं.

पुढचं मला क्रमानं आठवत नाही. मी उठायचं ठरवलं हेही आठवत नाही. पायरी माझ्या खाली होती आणि मग नव्हती, मी उभा होतो, पाय फाकलेले, दोरी छातीशी आलेली. पाण्यात माणूस हलकं असतं, पण भिजलेल्या साडीतली घाबरलेली बाई हलकी नसते. ती दोरीलाच झोंबली होती. तळहाताची साल निघाली. मी एका झटक्यात पाठ मागं टाकली आणि काळ्या पाण्यातून आधी तिचा हात आला, मग केस, मग तोंड.

ती पायरीला चिकटली. खोकली, थुंकली. कुंकू ओघळून नाकावर आलं होतं. वर मुक्ता मोठ्यानं रडत होती.

मी खाली बसलो. वैजयंतानं माझ्याकडं बघितलं. मला शिव्या द्यायला ती थांबली होती की श्वास घ्यायला, ते मला आजही माहीत नाही. थोड्या वेळानं तिनं कमरेच्या गाठीला हात घातला. ओली गाठ सुटेना. तिनं दातांनी सोडवली आणि दोरी माझ्या मांडीवर टाकली.

मग वर तोंड करून ओरडली, "रडतीस काय? ये खाली. नाना हाईत."

आज मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. उभ्या आयुष्यात मला पुष्कळ शाली, नारळ आणि मानपत्रं मिळाली. ती तीन वाक्यं मी त्यांच्यावर ठेवतो.

मुक्ता एकेक पायरी धरत खाली आली. आईच्या ओल्या साडीला एकदा मिठी मारली. मी तिच्या कमरेला दोरी बांधली, कॅन नव्हता. ती पाण्यापाशी गेली, थांबली, आणि मागं वळून माझ्याकडं संशयानं बघू लागली.

"काय गं?" मी विचारलं.

"आधी उठून दाखवा."

"आत्ताच उठलो की."

"मी पोळी खात हुते. मी न्हाई बगितलं."

मी बसलो. उठलो.

"परत."

मी परत बसलो, परत उठलो. तळहात चुरचुरत होता. वैजयंता साडी पिळत होती, तिनं मान वर केली नाही.

"आजून एकदा," मुक्ता म्हणाली, आणि मी उभा राहीपर्यंत तिनं समोरच्या भिंतीकडं तोंड वळवलं होतं.